लॅपटॉप सुरू होईपर्यंत

गेल्या आठवड्यात एका जुन्या सहकाऱ्याचा फोन आला. आम्ही दोघांनी एकाच छापखान्यात वीस वर्षं शेजारी बसून मुद्रितं तपासली. त्याचा लॅपटॉप आता फार रखडतो, नवीन घ्यावा की त्यातच मेमरी वाढवून घ्यावी, असं त्याला विचारायचं होतं. मी तसं केल्याचं त्याला कुणीतरी सांगितलं होतं.

"घे वाढवून," मी म्हणालो. "खूप फरक पडतो."

त्याने माझी तब्येत विचारली आणि फोन ठेवला. मला आणखी बरंच सांगायचं होतं, पण ते त्याने विचारलं नव्हतं.

पत्नी गेल्यावर मी मुंबईतली जागा सोडली आणि आगरदांड्याच्या अलीकडे एका गावात भाड्याच्या घरात राहायला आलो. गाव तिचं नाही, माझंही नाही. फार पूर्वी मुरूडला आलो असताना या रस्त्याने जाता जाता ती म्हणाली होती, "इथे राहायला बरं वाटेल नाही?" तेवढ्यावरच आलो. मूलबाळ नाही. एका प्रकाशकाची शालेय मार्गदर्शकं मी घरबसल्या बघतो. पानं लावायची, मुद्रितं तपासायची, मेलने पाठवून द्यायची. बोलण्याचं काही कामच पडत नाही.

लॅपटॉप दहा वर्षांचा होता. नवीन घ्यायला अडचण पैशांची नव्हती, अक्षरांची होती. प्रकाशकाच्या साऱ्या जुन्या फायली जुन्या मराठी फॉन्टमधल्या, आणि ज्या सॉफ्टवेअरमध्ये पानं लागतात ते नव्या यंत्रांवर चालत नाही. दुसऱ्याच्या नव्या लॅपटॉपवर एकदा फाइल उघडून बघितली, तर अख्ख्या धड्याच्या जागी कंस, टिंबं आणि इंग्रजी अक्षरांचा चिवडा. म्हणून जुन्यालाच धरून होतो.

सकाळी साडेआठला मी बटण दाबत असे. पडद्यावर ते गोल फिरायला लागे, थांबे, पुन्हा फिरे. मग सॉफ्टवेअर उघडायला वेगळा वेळ. सगळं मिळून वीस-पंचवीस मिनिटं सहज जात. सुरुवातीला मी समोर बसून त्या गोलाकडे बघत राही. मग कंटाळून ओटीवर येऊन उभा राहायला लागलो.

शेजारच्या घरात एक म्हातारे गृहस्थ एकटे राहत. पंचाहत्तरी ओलांडलेली, अंगात बनियन, कमरेला लुंगी, उजव्या हातावर कोपरापर्यंत भाजल्याचा जुना डाग. चार-पाच दिवस त्यांनी मला असं उभं राहिलेलं बघितलं असावं. एका सकाळी कुंपणाशी आले.

"मास्तर, रोज या टायमाला कोणाची वाट बघता?"

"लॅपटॉपची," मी म्हणालो. "सुरू व्हायला वेळ लागतो."

"म्हंजे बॉयलर तापायची वाट बघता," ते म्हणाले. "मग उभे कशाला? या इकडं, चहा घ्या."

मी मास्तर नव्हतो, पण दिवसभर पुस्तकं वाचणारा माणूस म्हणून त्यांनी मला ते नाव देऊन टाकलं होतं. मी त्यांना चाचा म्हणायला लागलो. आयुष्यभर ते मालवाहू जहाजांवर इंजिनरूममध्ये तेलवाले होते. म्हणजे इंजिनाच्या प्रत्येक सांध्याला वेळच्या वेळी तेल देत फिरायचं काम. बायको वारली होती. एकच मुलगी, ती महाडला, शाळेत शिक्षिका.

त्या दिवसापासून बटण दाबायचं आणि चाचांच्या पडवीत जायचं, असा क्रम पडला. गवती चहा घालून उकळलेला चहा, पाववाल्याकडची खारी, आणि त्यांच्या गोष्टी. कुठल्या बंदरात कांदे संपले आणि आचारी कसा रडला. कुठल्या इंजिनिअरला कान नव्हते, म्हणजे इंजिनाचा आवाज कळत नव्हता. मी फारसं काही सांगत नसे, पण एकदा पत्नीच्या आजारपणाबद्दल सगळं सांगितलं. संपल्यावर ते उठले, आत जाऊन पुन्हा चहा टाकला. त्या दिवशी मी कामाला बसलो तेव्हा लॅपटॉप सुरू होऊन, वाट बघून, पुन्हा झोपून गेला होता.

चाचांकडून परतल्यावर दिवसभर मी कोणाशीही बोलत नसे. तेव्हा हे माझ्या लक्षात आलेलं नव्हतं.

मार्गदर्शकांचा हंगाम आला आणि एका दुपारी विज्ञानाच्या पुस्तकाची शेवटची सोळा पानं लावताना लॅपटॉप गोठला. माउसही हलेना. शेवटी बटण दाबून बंद केला, आणि सकाळपासून केलेलं काम गेलं. प्रकाशकाच्या कचेरीतून फोन आला. तिथली मुलगी नम्रपणेच म्हणाली, "काका, तुम्हाला झेपत नसेल तर तसं सांगा, आम्ही दुसरी व्यवस्था करू." तो नम्रपणा मला लागला.

दुसऱ्या दिवशी पडवीत मी हे चाचांना सांगितलं. म्हटलं, आता हा टाकून द्यावा आणि कामही सोडावं.

"आणा बघू इकडं," ते म्हणाले.

मी लॅपटॉप चालू अवस्थेतच उचलून आणला. त्यांनी पालथा हात त्याच्या पोटाखाली धरला, मग कान लावला. आतला पंखा घरघरत होता.

"जीव हाय याच्यात," ते म्हणाले. "खराब न्हाय झाला. याला जागा कमी पडते. आमच्या एका जहाजाचा इंजिन असाच दम टाकायचा. कप्तान बोलला, भंगारात काढा. आमच्या मोठ्या इंजिनिअरनं बघितला तर हवा यायची वाटच बुजलेली. मोकळी केली. पुढं सात वर्सं पळाला."

"लॅपटॉपला हवा कुठून द्यायची चाचा?"

"ते मला काय माहीत? ज्याला माहीत हाय त्याच्याकडं जाऊ. मला पण मुरूडला डोळ्यांचा ड्रॉप घ्यायचा हाय."

मुरूडला बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत एक बाई मोबाइल आणि लॅपटॉप दुरुस्त करतात. तिशी-पस्तिशीच्या, कपाळाला दिवा बांधून काम करणाऱ्या. त्यांनी लॅपटॉप सुरू होईपर्यंत शांतपणे दुसऱ्या गिऱ्हाइकाचा मोबाइल उघडून जोडला. मग माझं सॉफ्टवेअर, मेल आणि दोन फायली उघडायला लावल्या आणि पडद्यावरचा एक आलेख दाखवला.

"हे बघा काका. याची मेमरी चार जीबी. एवढ्यातच ती काठोकाठ भरली. आता पुढचं काम आलं की तो बिचारा मागचं उचलून डिस्कवर ठेवतो, लागलं की परत आणतो. डिस्कपण जुनी, फिरणारी. सगळा वेळ या ने-आणीत जातो."

"खर्च करण्यात अर्थ आहे का? की नवीनच घेऊ?"

"तुम्हाला व्हिडिओबिडिओ करायचे असते तर मीच म्हटलं असतं नवीन घ्या. प्रोसेसर जुना तो जुनाच राहणार. पण तुमचं काम अक्षरांचं. आत एक खाच रिकामी आहे, तिच्यात आठ जीबीची पट्टी बसेल. नुसती तेवढीच टाकली तर काम करताना अडकणार नाही, पण सुरू व्हायला वेळ लागेलच. डिस्कसुद्धा बदलली तर तोही जाईल; आतलं सगळं आहे तसं नवीवर उतरवून देईन. चार-पाच वर्षं बघायला नको."

मी चाचांकडे बघितलं. ते त्या बाईंच्या हातांकडे बघत होते, एखाद्या इंजिनिअरला कान आहेत की नाही हे बघावं तसे.

"दोन्ही करा," ते परस्पर म्हणाले. "निम्मा दुरुस्त केलेला इंजिन जास्ती वाईट."

पट्टी अलिबागहून मागवावी लागणार होती. लॅपटॉप तीन दिवस दुकानात राहिला. ते तीन दिवस मला दिवसभर काही काम नव्हतं. पहिल्या दिवशी चहा साडेआठला सुरू झाला आणि आम्ही उठलो तेव्हा जेवायची वेळ झाली होती. मग चाचांनी बोंबील तळले, मी भात लावला. पत्नी गेल्यापासून मी दुसऱ्या कुणासाठी भात लावला नव्हता; पाण्याचा अंदाज चुकला आणि तो चिकट झाला. चाचा म्हणाले, जहाजावर याच्यापेक्षा वाईट खाल्लाय. दुसऱ्या दिवशी त्यांच्या पडवीची दोन कौलं बदलली. तिसऱ्या दिवशी काहीच केलं नाही, नुसते बसलो.

लॅपटॉप आला. घरी आणून बटण दाबलं आणि सवयीने उठलो, तर दारापर्यंत जायच्या आत पडदा उजळून तयार. मी चाचांना हाक मारली. ते आले, मी बंद करून पुन्हा सुरू करून दाखवला. त्यांनी टाळी वाजवली.

"बघा! मी बोललो व्हतो ना, जीव हाय!"

काम भराभर व्हायला लागलं. कचेरीतल्या त्या मुलीचा सूर बदलला. विज्ञान झालं, भूगोल आला, मग व्याकरण. आता साडेआठला बटण दाबलं की साडेआठलाच काम पुढ्यात असे. उठून जायला निमित्तच नव्हतं. पहिल्या आठवड्यात मी संध्याकाळी मुद्दाम जाऊन बसत होतो. पण संध्याकाळी चाचांकडे मशिदीतले कुणी ना कुणी बसलेले असत, आणि आपण मध्येच टपकलो असं मला वाटे. मग म्हटलं, हे पुस्तक संपलं की जाऊ. सकाळी ते पडवीत दिसले की मी खिडकीतून हात करी, ते हात करत. त्याने माझं समाधान होत होतं, हे सांगायला आज लाज वाटते.

असा महिना, सव्वा महिना गेला. एक दिवस व्याकरणाचं शेवटचं पान पाठवून मी चपला घातल्या आणि त्यांच्याकडे गेलो. दाराला कुलूप. मुरूडला गेले असतील म्हणून परतलो. दुसऱ्या दिवशीही कुलूप. पाववाला स्कूटरवरून आला तेव्हा त्याला विचारलं.

"चाचा? त्यांना मुलगी घेऊन गेली ना महाडला," तो म्हणाला. "मोरीत पाय घसरून पडले. हाड वाचलं, पण दिसायला लय कमी झालंय त्यांना. आठ-नऊ दिवस झाले. तुम्हाला माहीत न्हाय?"

मी नाही म्हणालो.

"असं कसं? गाडी आली त्या सकाळी तुमच्या दारात आलेले ते. मी इथंच व्हतो. खिडकीतून बघितलं, तुम्ही त्या मशीनवर. मी बोललो हाक मारू काय? तर म्हणाले, नको, काम चाललंय, हटकू नको."

तो पाव देऊन निघून गेला. मी पिशवी हातात घेऊन तिथेच उभा राहिलो. शेजारच्या घरात माणूस पडतो, लोक येतात, गाडी येते, तो जातो, आणि मला आठ दिवस पत्ता नाही. माझी खिडकी त्याच बाजूला आहे. मी त्या दिवशी काय करत होतो ते आठवून बघितलं. समासांची पानं लावत होतो.

त्यांचा नंबर माझ्याकडे नव्हता. कुंपणापलीकडच्या माणसाचा नंबर घ्यायचं कधी सुचलंच नाही. मशिदीत जाऊन मुलीचा नंबर मिळवला. फोन केला तेव्हा तिने चाचांच्या कानाला लावून दिला.

"मास्तर! मशीन कसा चालतो?"

"चांगला चालतो चाचा."

"मग झाला तर. कोपऱ्यातला फणस उतरवून न्या, वाया जायचा."

मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. आम्हाला फोनवर बोलायची सवयच नव्हती.

त्या रविवारी मी फेरीबोटीने दिघीला उतरलो आणि दोन एसट्या बदलून महाडला गेलो. मुलीचं घर तिसऱ्या मजल्यावर. चाचा गॅलरीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते, दुखरा पाय स्टुलावर. मी अगदी जवळ गेल्यावर त्यांनी ओळखलं, तेही आवाजावरून.

"चाचा, त्या दिवशी हाक का नाही मारलीत?" मी विचारलं. वाटभर मनात घोळवून आणलेलं दुसरंच काहीतरी होतं.

"तुम्ही कामात व्हता," ते म्हणाले. त्यात रागाचा लवलेश नव्हता. "इंजिन चालू असताना माणसाला हाक मारायची नसते, मास्तर. हात जायचा."

मुलीने चहा आणला. साखर कमी, दूध जास्त. ती मला स्वयंपाकघराच्या दाराशी बाजूला घेऊन म्हणाली, "आता त्यांना एकटं ठेवता येणार नाही. घराचं बघू पुढे काय ते. तुमचं नाव फार काढतात. म्हणजे नाव नाही, मास्तर मास्तर करतात."

दुपारभर मी त्यांच्याजवळ बसलो. पडवीची कौलं नीट आहेत हे सांगितलं, फणसाचं सांगितलं, बाजारपेठेतल्या त्या बाईंनी त्यांची चौकशी केली असं खोटंच सांगितलं, आणि त्यांना ते आवडलं. चार वाजता ते बोलता बोलता खुर्चीतच झोपी गेले. दिघीहून सुटणारी शेवटची फेरी गाठायची तर निघायला हवं होतं. मुलगी म्हणाली, उठवते. मी म्हटलं, नको. त्यांची मान वाकडी झाली होती, तिच्याखाली उशी सरकवली, आणखी थोडा वेळ थांबलो, आणि मग जिना उतरून एसटी स्टँडकडे चालायला लागलो.