ताईचे निबंध कोणत्या नावावर

दिवाळीनंतरचा रविवार, देवळाली प्रवरा, आईचं घर. हजर: आई, थोरली ताई, दाजी आणि मी. गैरहजर: भाऊ. साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाल्यानं त्याला सुट्टी नव्हती.

ताई समुद्रविज्ञान शिकली आणि गोव्यातल्या एका संस्थेत तिनं सगळी नोकरी काढली. अरबी समुद्रात काही खोलीवर पाण्यातला प्राणवायू जवळजवळ संपतो. तो पट्टा कधी पसरतो, कधी आक्रसतो, हा तिचा विषय. आमच्या उसाच्या गावात हे ऐकायला कुणी थांबलं नाही, आणि तिनंही सांगत बसायचा प्रयत्न केला नाही. आता निवृत्तीआधीची शेवटची बढती होती. आपल्या शोधनिबंधांचा इतर संशोधकांनी किती वेळा आधार घेतला, तो आकडा अर्जात द्यायचा होता. मुदत शुक्रवारची.

अडचण अशी की तिचा सर्वांत गाजलेला निबंध लग्नाआधीचा. लग्नात रीतीप्रमाणे तिचं नाव बदललं: आडनाव, मधलं नाव आणि पहिलंसुद्धा. पुढचे सगळे निबंध नव्या नावावर. इंटरनेटवर तिची दोन पानं तयार झाली होती आणि जगाच्या लेखी त्या दोन वेगळ्या बाया होत्या.

"एका परदेशी माणसानं तर लिहिलंय," ताई म्हणाली, "की मी माझ्या आधीच्या बाईंची चूक दुरुस्त केली."

"केलीस का?" मी विचारलं.

"केली. माझीच होती. आणि एका परीक्षकानं मला सुनावलं, त्या बाईंवर तुम्ही फार विसंबता."

दाजी मोठ्यानं हसले. ताई हसली नाही.

आधार घेणं म्हणजे काय, हे आईला मी समजावलं. तिनं थोडा विचार केला. "म्हंजी इरजन नेलं तर कुनाच्या घरचं ते सांगायचं. आसंच ना?"

"असंच."

"मग सांगत्यात का ते लोक?"

"लिहून सांगतात."

"चांगले हायेत की मग."

दोन्ही नावांची बाई एकच आहे, असं प्रतिज्ञापत्र संस्थेनं मागितलं होतं. मी कागद जमवायला घेतले. शाळेचा दाखला जुन्या नावाचा, आधार कार्ड नव्या नावाचं, आणि दोन्हींना जोडणारं काहीच नाही. लग्नपत्रिकेवर माहेरचं नाव. नवं नाव मांडवात ताटातल्या तांदळावर दाजींनी अंगठीनं लिहिलेलं, आणि तेवढ्याच आधारावर ते पुढं रेशन कार्डावर चढलेलं.

"तांदळाची झेरॉक्स काढायला पाहिजे होती," दाजी म्हणाले. "दुसऱ्या दिवशी खिचडी झाली त्याची."

सोमवारी राहुरीला वकिलाकडे गेलो. नाव मीच लिहिलं, असं दाजींनी सांगितलं. वकील म्हणाले, "आता पेनानं सही करा, अंगठी राहू द्या." दुपारी कागद तयार झाला. मी तिथंच स्कॅन करून संस्थेला पाठवला.

संध्याकाळी दोन पानांचं एक करायला बसलो. ताईनं एकेक निबंध तपासून खूण केली. शेवटी प्रश्न आला: वर नाव कोणतं ठेवायचं? बढतीची समिती तेच वाचणार होती.

"जुनं ठेव," आई म्हणाली. "त्याच नावानं तुझ्या बापानं शाळंत घातलं."

"ठेव की," दाजी म्हणाले. "मी लिहिलेलं मीच सोडलं."

"तुम्ही काय सोडताय?" ताई म्हणाली. "मी दोन पोरं घरी ठेवून बोटीवर जात होते, ते कुठल्या नावानं? त्यानंतरचे निबंध काय तुम्ही लिहिले?"

दाजींनी चहाचा कप उचलून आत नेला.

"दोन्ही नावं एकापुढं एक टाक," मी सुचवलं.

"मग तिसरीच बाई होते," ताई म्हणाली. तिनं लॅपटॉप मिटला.

मंगळवारी पहाटे दोघं गोव्याला निघाली. आज बुधवार. मघाशी पाहिलं तर दोन्ही पानं अजून वेगवेगळीच आहेत. गाजलेला निबंध एका बाईकडं, बाकीची नोकरी दुसरीकडं. आज तिला फोन करून, नाव ठरलं का, एवढं विचारायचं आहे.