सभ्य खेळाडूची पात्रता

विषय : जिल्हा फुटबॉल स्पर्धेतील ‘उत्कृष्ट व सभ्य खेळाडू’ पुरस्कारासाठी पात्रता ठरविण्याबाबत.
संदर्भ : अध्यक्षांच्या बियाण्यांच्या दुकानात वेळोवेळी झालेली तोंडी चर्चा.

उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, एक नियम केला की त्यावर एक किस्सा फुकट मिळतो. जन्मभर कारकुनी केली, निवृत्त झालो, तर वाशिमच्या फुटबॉल मंडळाने मला सचिव केलं. कारण काय, तर “बाबू, तुमाले नियमाची भाषा येते.” फुटबॉल येतो का, हे कोणी विचारलं नाही. बरंच झालं!

यंदा पुरस्काराला वजन आलं होतं. एका निवासी शाळेने कबूल केलं होतं, की जिंकणाऱ्याला आम्ही बारमाही क्रीडाशिक्षक म्हणून घेऊ. मानोऱ्याकडच्या तांड्यावरचा विलास राठोड त्यासाठी जीव तोडून खेळत होता. दिवाळी झाली की तो बायको-पोरीला घेऊन ऊसतोडीला जातो. ही नोकरी लागली असती तर पोरगी वर्षभर एकाच शाळेत बसली असती.

अध्यक्ष भाऊसाहेबांचा भाचा हर्षल, तोही खेळत होता. त्याला नोकरी नको होती. ट्रॉफी हवी होती.

*

सभ्य कोणाला म्हणावं, इथून बैठक सुरू झाली. भाऊसाहेब म्हणाले, “ज्याले कार्ड दाखवलं तो बाद. लिहा बाबू!”

लिहिलं.

पुढच्याच सामन्यात, केनवडच्या मैदानावर, हर्षलने गोलकीपरच्या पोटात लाथ घातली. पंच होते आमच्याच मंडळातले सोनोने सर, निवृत्त मास्तर. पिवळं कार्ड घरी राहिलं होतं. त्यांनी खिशातली लग्नाची पिवळी पत्रिका काढली आणि उंच धरली. मैदानाला समजलं. हर्षललाही समजलं, तो शिव्या देत मागे सरला.

बैठकीला तेवढं समजलं नाही. भाऊसाहेबांनी पत्रिका मागवून घेतली, उलटसुलट पाहिली.

“सर, याच्यात फाऊल कुठं लिहिला हाय? याच्यात तर सहकुटुंब या म्हनून लिहिलं हाय!”

हर्षल पात्र.

*

नंतरच्या एका सामन्यात चेंडू विलासच्या हाताला लागला. पंचांनी पाहिलं नाही, कोणीच पाहिलं नाही. विलासने आपणहून हात वर केला. “सर, लागला मले.”

पेनल्टी बसली, सामना गेला. त्याच्याच संघातली पोरं अंगावर धावली, “काहून बोलला बे? तुले कोनी इचारलं होतं?”

मला वाटलं, चला, पुरस्काराचं काम झालं.

भाऊसाहेब म्हणाले, “हर्षलवर नुसता आरोप हाय. यानं तर गुन्हा कबूल केला!”

सोनोने सर चष्मा पुसायला लागले. विलासच्या नावापुढे मी ‘विचाराधीन’ असं लिहिलं.

*

मग रहिवासाचा नियम निघाला. खेळाडू वर्षभर जिल्ह्यात राहणारा असावा! विलासला बोलावून घेतलं.

भाऊसाहेब म्हणाले, “अर्धं वर्ष तू कारखान्यावर असतो. मंग तू इकडचा कसा?”

विलास उभाच होता. म्हणाला, “भाऊसाहेब, मतदानाले तर तुमीच गाडी धाडता मले आनाले. तवा मी कुठचा असतो?”

तेवढ्यात चहा आला. हा नियम पुढील बैठकीत घेण्याचं ठरलं. तो अजून पुढील बैठकीतच आहे.

*

पुरस्कारासाठी शेवटच्या सामन्याची हजेरी लागते, पण त्याला विलासही नव्हता आणि हर्षलही नव्हता. विलासच्या तांड्यावर मुकादमाचा ट्रक आला होता, त्यात बसून तो गेला. हर्षल पुण्याला होता.

ठराव झाला : शिक्षणासाठी बाहेरगावी गेलेला हजर समजावा, कामासाठी गेलेला गैरहजर.

सोनोने सरांनी विचारलं, “हर्षल कोनता क्लास करून राह्यला?”

“ते अजून ठरायचं हाय,” भाऊसाहेब म्हणाले.

*

प्रत्येक सामन्यानंतर पंच या पुरस्कारासाठी मतं देतात. त्या मतांत विलास सगळ्यांच्या वर होता. ट्रॉफी हर्षलला मिळाली. शाळेच्या नोकरीवर तो काही गेला नाही.

हे सोनोने सरांनी विलासला कळवलं. त्याने उसाच्या फडातून मला फोन केला.

“काका, मी कोनाच्या इरोधात नाही बोलून राह्यलो. हर्षलभाऊची ट्रॉफी राहू द्या त्याच्यापाशी. माही मतं तेवढी एकदा पाहा अन् शाळेले कळवा.”

मी म्हटलं, “तोंडी चालत नाही बाबा. अर्ज कर.”

त्याने केला. मोबाइलवर पाठवला, मी छापून बैठकीपुढे ठेवला. भाऊसाहेबांनी तो दोनदा वाचला.

“बाबू, हा पुरस्कार सभ्य खेळाडूचा हाय ना?”

“हो.”

“मंग तक्रार करनारा सभ्य कसा?”

सोनोने सर म्हणाले, “अन् त्यानं तक्रार केलीच नसती तर?”

“तर मंग प्रश्नच नव्हता ना, सर!”

सबब असं ठरलं, की सदर अर्ज ही तक्रार आहे की विनंती, हे आधी ठरवावं आणि त्याकरिता अर्जदाराने समक्ष हजर राहावं.

अर्जदार ऊसतोडीवर आहे. पोरगी त्याच्यासोबत आहे. शाळेतली जागा रिकामी आहे. अर्ज प्रलंबित आहे.