सूर माझा, तोंड पुतण्याचं

शाहूपुरीतल्या एका करिअर सल्लागारानं मला फसवलं. माझं सॅक्सोफोनवादन त्यानं स्वतःच्या पुतण्याच्या तोंडाला लावलं आणि जगाला दाखवलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचताना कुणी अंदाज करत बसायला नको. पैशात नाही फसवलं. पैशात मला फसवणारा अजून जन्मायचाय.

पहिला दिवस सांगतो. कापडदुकानाच्या माडीवर हॉल. वीस-बावीस कलाकार. गिटारवाले, कीबोर्डवाले, दोन गायिका. आजच्या काळात वाजवणाऱ्यानं स्वतःला पुढं कसं आणायचं, यावर शिबिर होतं. मी तिसऱ्या रांगेत. सल्लागारानं आधी सगळ्यांचे फोटो मागवले होते. माझ्याकडं एकच बरा फोटो होता, बँडच्या गणवेशातला. लाल कोट, सोनेरी दोऱ्या, तुऱ्याची टोपी, गळ्यात सॅक्सोफोन.

त्यानं तो पडद्यावर लावला. भिंतीएवढा.

"सांगा, यात काय चुकलंय?"

"टोपी!" मागून एकजण.

"बटणं!" एक गायिका.

"सर, नवरदेव कुठाय?"

हॉल हसून फुटला. सल्लागारानं हात वर करून सगळ्यांना थांबवलं. "सगळंच चुकलंय. हा माणूस जॅझ वाजवतो. खरंच वाजवतो. पण हा फोटो बघून लोक विचारतील, वरात किती वाजता निघणार?"

पुन्हा हसले. मीपण हसलो. हे लिहायला जड जातंय, तरी लिहितो. सगळ्यात मोठ्यानं मीच हसलो.

मग त्यानं मला वाजवायला लावलं. मी माझी धून वाजवली. तिचं नाव 'इशारा'. वाजवून झाल्यावर सल्लागारानं डोळ्यांवरचा चष्मा काढला. मला वाटलं, जिंकलो.

ती धून कुठून आली ते सांगायला पाहिजे.

आम्ही मूळचे कोडोलीचे. बौद्ध. धर्मांतर केलं तेव्हा आजोबांनी गावकीची सगळी कामं सोडली. बोलावलं की जाऊन दारात वाजवायचं, तेही सोडलं. पुढं वडील कोल्हापुरात आले आणि बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवू लागले. आजोबांनी चार महिने बोलणं टाकलं. वडील त्यांना म्हणाले, "आबा, ह्ये सांगितल्यालं काम न्हाय. ठरवल्यालं काम हाय. भाव मी सांगतो."

भाव आपण सांगायचा. आमच्या घरात एवढीच इस्टेट. लग्नात वाजवायची सुपारी ठरवताना मी वडिलांच्या शेजारी उभा राहायचो आणि बघायचो. समोरचा कुठं थांबतो, कुठं डोळे चोरतो, कुठं 'बरं बघू' म्हणतो. शाळेत मला काही आलं नाही. हे आलं.

पण भाव आमचा असला तरी जागा त्यांची. बँड मांडवाच्या दारापर्यंत. आत मंगलाष्टका चालू, बाहेर आम्ही उन्हात, ओठाला वाद्य लावून, डोळे आतल्या हाताकडं. शेवटचं 'सावधान' झालं की आतून कुणीतरी हात हलवतो. "वाजवा रे!" मग फुंकायचं. एकदा खांबाआडून हात दिसला नाही आणि आम्हाला उशीर झाला. नवरदेवाचा मामा बाहेर आला आणि साठीतल्या माझ्या वडिलांच्या टोपीवर टपली मारून म्हणाला, "झोपला होता का रं?" वडील हसले. हसायची ती रीत मला त्यांच्याकडूनच आली.

जॅझ मला गोव्यात भेटलं. लग्नसराई संपली की मी तिकडं हॉटेलात वाजवायला जायचो. तिथं एक म्हातारा पियानोवाला होता. मी दर वेळी त्याच्याकडं बघायचो, कधी सुरू करू म्हणून. एकदा तो वैतागला. "माझ्याकडं काय बघतो? इथं कोण हात हलवत नाय. तुझी पाळी आली की तू बोल."

हे संगीत कुणी केलं, तेही त्यानंच सांगितलं. अमेरिकेतल्या काळ्या गुलामांच्या नातवंडांनी. ज्या हॉटेलात ते वाजवायचे, तिथं त्यांना स्वयंपाकघराच्या दारानं आत घ्यायचे. मी म्हणालो, "मास्तर, ही तर आमचीच माणसं."

'इशारा' तिथून आली. सुरुवातीला अडखळलेले चार सूर, मांडवाबाहेर थांबलेल्या माणसासारखे. मग तो माणूस थांबायचं सोडतो. एवढीच धून. ती बसवायला मला दोन वर्षं लागली.

शिबिर संपल्यावर सल्लागारानं मला आतल्या खोलीत नेलं. चहा मागवला. मार्गदर्शनाची वर्षाची फी सांगितली. मी म्हणालो, निम्मी करा. तो लगेच म्हणाला, "केली. फक्त रेकॉर्डिंग आमच्या स्टुडिओत करू, आमच्या चॅनेलसाठी." कागद पुढं सरकवला. मी सही केली.

समोरचा एका दमात हो म्हणाला तर समजावं आपण बुडालो. हे मी दहाव्या वर्षी शिकलोय. पोत्याचा भाव असो नाहीतर वरातीचा, लगेच हो म्हणणाऱ्याला दुसरंच काहीतरी हवं असतं. त्या दिवशी मी निम्म्या फीच्या आनंदात जिना उतरलो.

त्याचा सल्ला मी औषधासारखा घेतला. तीस सेकंदांचे व्हिडिओ करा. केले. आठवड्यातून तीनदा टाका, 'इशारा' तेवढी सोडून. टाकले. काळा शर्ट घाला, विटांच्या भिंतीपुढं उभे राहा. राहिलो. "आडनाव लावू नका, नुसतं नाव ठेवा. आडनावापाशी ऐकणारा अडतो." आडनाव काढलं. "वर्षभर लग्नाच्या सुपाऱ्या घेऊ नका. एकदा बँडवाला दिसलात की कायमचे बँडवाले." अख्खी लग्नसराई सोडली. बँडचे मालक म्हणाले, "पावणं, आता तुमी मोठी माणसं. आमी दुसरा बघतो." त्यांनी बघितला.

घर बायकोच्या शिलाई मशीनवर चालू झालं. ती एकदाच म्हणाली, "आडनाव कुठं ठेवलं? संभाळून ठेवलंय न्हवं?"

व्हिडिओ तिनंच आधी बघितला. ब्लाउज शिवता शिवता मोबाईल चालू होता. मशीनवरचा पाय थांबला. "अवो, हिकडं या."

विटांची तीच भिंत. तिच्यापुढं सल्लागाराचा पुतण्या. केस मागं बांधलेले, गळ्यात कोरा चकचकीत सॅक्सोफोन. खाली त्याचं नाव, आडनावासकट. धुनीला काहीतरी इंग्रजी नाव दिलेलं. आणि वाजत होती 'इशारा'.

"ह्यो दम तुमचा हाय," बायको म्हणाली.

बँडवाला चालत वाजवतो. तो श्वास घेतो डाव्या पावलावर, नाहीतर सूर हिंदकळतो. आता मी खुर्चीत बसलो तरी माझा श्वास तिथंच पडतो, जरासा अडखळत. त्यांच्या स्टुडिओत 'इशारा' रेकॉर्ड केली त्या दिवशी सल्लागारानं तो काढायला सांगितला होता. तो निघाला नाही. व्हिडिओत सगळा तसाच.

तिनं पुन्हा लावला. "बघा की. ह्यो पोरगा दम घेतोय एकीकडं आन् आवाज दम घेतोय दुसरीकडं."

मी फोन केले. सल्लागार उचलेना. मला वाटलं, धून माझी आहे, मी स्वतःच दुसऱ्यांदा वाजवीन. आमच्या खोलीत, दार लावून, मोबाईलवर 'इशारा' रेकॉर्ड केली आणि पुण्याच्या एका जॅझ महोत्सवाला पाठवली. आठ दिवसांनी एका बाईंचा फोन आला. आवाज गोड.

"तुमचं वादन चांगलं आहे हो. पण ही रचना दुसऱ्या कलाकाराची आहे. त्यांना आम्ही आधीच निमंत्रण दिलंय. कॉपी आम्ही घेत नाही."

"बाई, ती माझी हाय."

"असं बरेच जण म्हणतात."

मी चोर ठरलो. माझ्याच धुनीचा. पन्हाळ्याच्या रस्त्यावर एका हॉटेलात मी शनिवार-रविवार वाजवायचो. तिथल्या मॅनेजरनं विचारलं, "ती व्हायरल धून तुम्ही उचलली म्हणे?" पुढच्या शनिवारी तिथं कीबोर्डवाला एकटाच होता. एका वकिलानं माझा करार वाचला आणि सही कुणाची म्हणून विचारलं. मी म्हणालो, माझी. त्यानं कागद परत दिला.

सॅक्सोफोन पेटीत गेला. अडीच महिने मी पेटी उघडली नाही. सकाळी उठून काय करायचं हे कळेना. बायको मशीनवर, मी दारात बसलेला. एकदा पेटी उचलून विकायला निघालो. कोपऱ्यापर्यंत गेलो आणि परत आलो. विकायचं धाडस पण झालं नाही.

शेवटी शाहूपुरीत गेलो. दुपारी. सल्लागार जागेवर होता. उठून हात मिळवला त्यानं.

"आवाज तुमचाच आहे. मी कुठं नाही म्हणतोय? पण करारानुसार रेकॉर्डिंग आमचं. आणि वाईट वाटून घेऊ नका, लोक डोळ्यांनी ऐकतात. तुमचा चेहरा जॅझचा नाही."

"जॅझचा चेहरा कसला असतोय?"

तो हसला. "चिडू नका. तुमच्यासाठी काम काढलंय. पुतण्याचा कोल्हापुरात पहिला मोठा कार्यक्रम आहे. तुम्ही तुमचा जुना बँड घेऊन या. तोच लाल कोट, तीच टोपी. गेटपासून त्याला वाजवत आणायचं. लोकांना एकदम मातीतलं वाटेल. तुमच्या समाजाला ते शोभतं पण. दारात थांबा, आतून मी हात केला की सुरू करा."

"किती देणार?"

हे मी विचारलं. रागात नाही, टोमण्यात नाही. सवयीनं. घरात बायकोच्या एकटीच्या शिलाईवर भाडं, आणि माझी जीभ आपोआप सौद्याला बसली. त्यानं आकडा सांगितला. चांगला होता. आणि माझं डोकं तिथल्या तिथं हिशोब करू लागलं की हा दीडपट देईल.

तेव्हा मला भीती वाटली. त्याची नाही. माझीच. मला दिसलं की मी मागितला तर हा तिप्पट भाव देईल, आणि जितका जास्त देईल तितका मी त्याच्या दारात कायमचा उभा राहीन. दारात वाजवणं सोडताना आजोबांनी काय खाली ठेवलं होतं, ते मला त्या खुर्चीत बसून कळलं.

"न्हाय," मी म्हणालो.

"अहो, कमी वाटतंय का? तुम्ही बोला की."

"ह्याला भाव न्हाय."

"म्हणजे?"

"म्हणजे न्हाय. पुतण्याला बोलवा. ह्याच माडीवर. माझ्यासमोर 'इशारा' वाजवू दे. पहिले चार सूर वाजवू दे."

"हे बघा, आवाज खाली."

"खाली लई वर्षं होता."

त्यानं बेल दाबली. दोघं आले. मला जिन्यापर्यंत धरून नेलं. मी शिव्या दिल्या. दिल्याच. त्याबद्दल मला काही वाटत नाही.

त्या शिबिरातल्या लोकांना मी एकेक करून फोन केले. त्यांनी धून माझ्या तोंडून ऐकली होती. सातजणांनी उचलला. एकजण म्हणाला, "दादा, खरं आहे तुमचं. पण माझा व्हिडिओ पुढच्या महिन्यात तेच काढणार आहेत." बाकीच्यांनी एवढंही सांगितलं नाही. मला त्यांचा राग येत नाही. मीपण हसलो होतो.

काम अजून नाही. मिळेल असंही दिसत नाही. पेटी मात्र उघडली. रोज सकाळी दार उघडं ठेवून वाजवतो. मोबाईलसमोर आधी माझं पूर्ण नाव सांगतो, आडनावासकट, कोडोली म्हणून सांगतो, आणि मग 'इशारा'. बघणारे तेरा-चौदा. खाली शेरे येतात, चोर म्हणून. मी ते पुसत नाही.

महोत्सवाच्या बाई, तुम्ही मला फोनवर चोर ठरवलंत. फोनवरचं बोलणं हवेत जातं. लेखी द्या. कुणाचं ऐकून ठरवलंत, कुणाला विचारलंत, मला का नाही विचारलंत, ते कागदावर लिहा. आणि सल्लागार, तुमच्या खोलीत तुम्ही म्हणालात की आवाज माझाच आहे. तेवढंच एक वाक्य त्या व्हिडिओखाली लिहा. माझ्या नावानं. मला तुमचा कार्यक्रम नको, निम्मी फी परत नको, तुमचा पश्चात्ताप तर अजिबात नको. मला तुमच्या दोघांच्या सह्या पाहिजेत. मी सही केली होती, तिची किंमत मी मोजतोय. तुमच्यापैकी कोण आधी सही करतंय, बोला.