बासष्ट इंच

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही. ज्यांना सांगायला हवं होतं, त्यांना तर नाहीच. महाड आणि पोलादपूर तालुक्यांच्या बातम्या मी वीस-बावीस वर्षं दिल्या. किती वाजता, कुठे, किती जण, हे दोघांकडून ताडून घेतल्याशिवाय ओळ पुढे पाठवली नाही. आणि घरातल्या एका भिंतीबद्दल मात्र — पण आधी मांडणीबद्दल सांगतो. सुरुवात तिथून झाली.

नव्वदच्या दशकात आम्ही महाडच्या बाजारपेठेमागे दोन खोल्या भाड्याने घेतल्या. घरमालक पुढच्या खोलीत एकटेच राहत. तहसील कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालेले. गल्ली त्यांना आबा म्हणे, आम्हीही म्हणू लागलो. खोली दाखवताना त्यांनी आधी नळ दाखवला नाही, रेघ दाखवली. महाडात खालच्या पेठेत असंच असतं, खोली बघायला येणारा आधी रेघ विचारतो. सावित्रीचं पाणी आजवर सर्वांत वर कुठे आलं, ती खूण. आबांनी ती तरुणपणी, मोठ्या पुराच्या दुसऱ्या दिवशी ओली खूण दोरीने मोजून घेऊन, भिंत वाळल्यावर मारून ठेवली होती. लाल ऑइलपेंटची, बोटभर जाडीची. जमिनीपासून बासष्ट इंच. गल्लीतल्या बाकीच्या रेघा गिलाव्याखाली नाहीतर रंगाखाली गेल्या होत्या. उरली होती ती एवढीच. कुणाला घरात फळी ठोकायची असली की काठी घेऊन आमच्याकडे येत आणि रेघेइतकी खूण करून नेत.

मला पुस्तकं, कात्रणं ठेवायला मांडणी हवी होती. सुताराकडून का करून घेतली नाही? कारण मी बोलून बसलो होतो, की स्वतः करणार. बायको प्राथमिक शाळेत शिक्षिका. ती म्हणाली, "बातमी चुकली तर दुसऱ्या दिवशी खुलासा छापता येतो. लाकूड चुकलं तर काय छापणार?" ती हसत म्हणाली होती. मला ते लागलं.

पोलादपूरच्या एका वखारीतून ऐनाचे चार खांब आणि फळ्या आणल्या, एस.टी.च्या टपावर टाकून. आठ फुटी खांब. लाकूड ओलं होतं. आबांनी त्यावर तळहात ठेवला आणि म्हणाले, "पत्रकार, ऐन आहे हा. एक पावसाळा सावलीत पडू द्या. घाई चालत नाही त्याला." मी हो म्हणालो आणि दुसऱ्याच दिवशी खाचा पाडायला घेतल्या. बायको सुट्टीत माहेरी गेली होती. तिच्या येण्याआधी मांडणी उभी करायची होती.

हिशोब साधा होता. खालची फळी चौसष्ट इंचांवर, म्हणजे रेघेच्या दोन इंच वर. तिच्यावर आणखी एक. खाली खाट. पंधरा दिवस मी काटकोन बघायचा गुण्या आणि खाचा पाडायची पटाशी घेऊन घाम गाळला. रंधा अडके, पटाशी घसरे, एका खाचेत फळी बसली की समोरच्या खाचेत बसत नसे. तळहाताला फोड आले. शेवटी सगळं जुळलं. आणि वैशाखाच्या उन्हात खांबांची खालची टोकं तडकली. चारही. चिरा वीतभर वर गेलेल्या. आबांनी सांगितलं होतं तसंच.

तडकलेला भाग कापावा लागला. आठ इंच. खाचा तर पाडून झालेल्या. मांडणी उभी केली, टेप लावली. खालची फळी छप्पन्न इंचांवर. रेघ बासष्टवर.

तुम्ही म्हणाल, पायांखाली विटा घालायच्या. मलाही सुचलं होतं. विटा आणल्याही होत्या, दारात पडून होत्या. पण विटांवर उभी मांडणी म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसणारी चूक. बायको काय म्हणेल, ते मला तिच्या आवाजात ऐकू येत होतं. विटा दिसल्या असत्या — एवढंच कारण. याहून मोठं कारण शोधायचा मी पुष्कळ प्रयत्न केला आहे. सापडत नाही.

मी काचपेपर घेतला आणि रेघ खरवडली. भिंतीला चुना दिला. आणि चोपन्न इंचांवर नवी रेघ मारली. तीच लाल, तेवढीच जाड.

आबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. त्यांना लाल पट्टा दिसला, तो पुरला. बायकोने भिंतीकडे पाहिलंही नाही, मांडणीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "अहो, जमलं की तुम्हाला." हे वाक्य ऐकायलाच सगळं केलं होतं. ऐकलं, आणि काही वाटलं नाही.

पुढचे दोन पावसाळे पाणी गल्लीच्या तोंडाशी येऊन परत गेलं. मधल्या काळात शेजारच्या सुमनवहिनी काठी घेऊन आल्या, रेघेचं माप घेतलं आणि पुरात शिलाई मशीन चढवून ठेवायला त्या मापाने ओटा बांधून घेतला. मी त्यांना टेप धरून मदत केली. तेव्हा तरी बोलायचं होतं, नाही का? तोंडात शब्द आले होते. मी टेप गुंडाळली.

तिसऱ्या वर्षी पाणी आलं. दुपारपासून चढू लागलं. गल्ली हायस्कूलच्या इमारतीकडे निघाली. आबा एक गाठोडं घेऊन आमच्या खोलीत आले. त्यात त्यांच्या पाण्याच्या वह्या होत्या — दर पावसाळ्यात सावित्री किती चढली, कुठल्या पायरीला लागली, कधी उतरली. तीस-पस्तीस वर्षांच्या, शाईने लिहिलेल्या. मांडणीची वरची फळी माझ्या कात्रणांनी भरलेली होती. त्यांनी वह्या खालच्या फळीवर उभ्या लावल्या, रेघ बोटाने चाचपली आणि म्हणाले, "दोन इंच वर आहे. भिजायच्या नाहीत." मी पाहत उभा होतो. वरची फळी रिकामी करायला किती वेळ लागला असता? पाच मिनिटं. पण का करताय, असं त्यांनी विचारलं असतं.

दुसऱ्या दिवशी परत आलो. चिखलाची खूण अठ्ठावन्न इंचांवर होती. म्हणजे खऱ्या रेघेच्या चार इंच खाली. आबांची रेघ बरोबर होती. ती जागेवर असती, तर माझी फळी तिच्यावर असती आणि वह्या कोरड्या राहिल्या असत्या. त्या सगळ्या खालून पाणी पिऊन फुगल्या होत्या. शाई उतरली होती. आबा एक-एक उघडत आणि डोळ्यांजवळ नेऊन बाजूला ठेवत होते. त्यातल्याच एका वहीत बासष्टचा आकडा होता. माझ्या खोटेपणाचा एकमेव पुरावा.

तेव्हा माझ्या मनात पहिलं काय आलं, ते सांगायला हे सगळं लिहिलं. सुटलो — असं आलं.

सुमनवहिनींचं मशीन चिखलात गेलं होतं. त्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "आबा, तुमची रेघ नाय हो खरी निघाली. आमी तुमच्या भरवशावर ऱ्हायलो." आबांनी मान खाली घातली. म्हणाले, "वहिनी, तेव्हा टेप नव्हती. दोरीने मोजलं होतं. माझीच चूक झाली असेल." मी तिथेच होतो, हातात खराटा घेऊन.

त्या संध्याकाळी मी बातमी पाठवली. पुराचं पाणी जुन्या खुणेच्या चार इंच वर गेलं, असं तीत वाक्य होतं. ते छापून आलं. त्यानंतर पाण्याबद्दल आबांना कुणी विचारेनासं झालं. पूर्वी नदी फुगली की गल्ली त्यांच्या ओट्यावर जमायची. आता लोक रेडिओ लावत. आबाही दार लोटून घेत.

भिंत वाळल्यावर त्यांनी मला हाक मारली. हातात लाल रंगाचा डबा होता. म्हणाले, "तुम्ही पेपरवाले, तुमचं माप चोख असतं. आता तुम्हीच मारा रेघ. जुनी पुसून टाका, दोन बघून माणूस गोंधळतो." टेपचं खालचं टोक त्यांनी धरलं. मी चोपन्नवरची पुसली आणि अठ्ठावन्नवर मारली.

पुढे आम्ही बिरवाडीत घर केलं. मांडणी तिथे आहे. ऐन आता पुरता वाळला आहे, एक खाच हलत नाही. पाहुणे विचारतात, कुणी केली. मी सांगतो, मीच.

आबा गेले. जाईपर्यंत आपलं माप चुकलं होतं असंच ते समजत होते. त्या दोन खोल्यांत आता दुसरं बिऱ्हाड आहे आणि गल्लीतले लोक अजून तिथे काठी घेऊन जातात. भिंतीवरची रेघ अठ्ठावन्न इंचांवर आहे. पाणी बासष्टपर्यंत आलं होतं.