सासरी बांधलेला झोका

श्रावण लागला की रामनगरच्या बाजारात दोरांची भेंडोळी टांगलेली दिसतात. काल एका दुकानासमोरून जाताना नव्या काथ्याचा तो कोरडा, किंचित आंबूस वास नाकात शिरला आणि मी हातात पिशवी घेऊन तशीच उभी राहिले. दुकानदाराला वाटलं, गिऱ्हाईक आलं. बिचाऱ्याने दोन-चार दोर उतरवून दाखवलेसुद्धा. मला दोर नको होता. मला वहिनी आठवली होती, आणि तिच्याबरोबर पदार्थविज्ञानातला एक प्रश्न. दोराच्या वासाने कुणाला प्रश्नपत्रिका आठवावी हे तुम्हाला विचित्र वाटेल. पण अशा भलत्याच गाठी तुमच्याही मनात असतीलच.

वहिनी खानापूरकडची. दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली, पुढे बारावीपर्यंत विज्ञान, आणि ते सगळं एकदम इंग्रजीत. बाकीचे विषय तिने रेटून नेले. पदार्थविज्ञानात मात्र अडकली. नापास झालेली मुलगी घरात बसवून काय करायचं म्हणून त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न लागलं. आमच्या घरी आली ती ट्रंकेत साड्यांच्या तळाशी पुस्तक दडवून. तिला नर्स व्हायचं होतं. आईला हे कळलं तेव्हा तिने ते पुस्तक हातात घेऊन चाळलं. मग सुनेला म्हणाली, "एकदा बस परीक्षेला. निघालीस तर बेळगावला धाडतो नर्सिंगला. न्हाई निघालीस तर परत नाव काढायचं न्हाई." आमच्याकडे बायकाही 'मी जातो, मी धाडतो' असंच बोलतात, आणि आईचं बोलणं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

मी तेव्हा बेळगावात बीएस्सीला होते आणि कावीळ होऊन घरी पडून होते. बिनतेलाची पेज पिणं आणि वहिनीला शिकवणं, एवढाच उद्योग. गाडं एकाच जागी रुतायचं. चेंडू सरळ वर फेकला. सगळ्यात उंच जागी त्याचा वेग किती आणि त्वरण किती? वेग शून्य, हे ती बरोबर लिही. त्वरणापुढेही शून्यच लिही. मी म्हणे, नाही, त्वरण जेवढं होतं तेवढंच, खालच्या दिशेला. ती विचारी, "थांबल्याली वस्तू, तिला कसलं आलंय त्वरण?" यावर मी तेच सूत्र पुन्हा म्हणून दाखवी, जरा मोठ्या आवाजात. भाषा न कळणाऱ्या माणसाशी लोक ओरडून बोलतात ना, तसं. वहिनी मान हलवी आणि पुन्हा शून्य लिही. परीक्षा जवळ येत चालली तशी तिची जेवणावरची वासना उडाली.

त्यातच पंचमी आली. नव्या नवरीची पहिली पंचमी माहेरची, आणि झोक्यावर हक्क माहेरवाशिणीचा, ही आमच्याकडची रीत. तिचा भाऊ न्यायला आला. परीक्षा लगेच पुढे होती. माहेरी गेलं की अभ्यास बुडणार, हे तिला कळत होतं. तिने भावाला चहा पाजला, हसून परत पाठवलं, आणि गोठ्यामागे जाऊन रडून आली. आईने पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दादा दारातल्या फणसावर चढून आडव्या फांदीला दोर बांधत होता.

शेजारची काकू लगेच हजर. "सुनेला सासरी झोका? ह्ये कुठलं नवीन काढलासा?"

"झाड आमचं, दोर आमचा. तुझं काय जातंय गं?" आई म्हणाली. काकू तणतणत गेली आणि नटून पुन्हा आली, झोका घ्यायला.

वहिनी फळीवर उभी राहिली. पदर खोचला आणि गुडघ्यांत वाकत, उठत तिने झोका असा चढवला की फणसाची पानं तिच्या केसांना लागू लागली. इतक्या दिवसांत ती मोकळी हसलेली मी प्रथमच पाहिली. मला फार बरं वाटलं. एकाएकी ती वरूनच ओरडली, "वन्सं, टोकाला मी थांबतोच की!"

"मग?"

"मग तिथंच लोंबकळत का ऱ्हात न्हाई?" झोका खाली आला, पुन्हा वर गेला. "थांबलो तरी ओढ हायच! वेग गेला, ओढ कुठं गेली? व्हय, पोटात गोळा तिथंच तर येतोय!"

झोका थांबवून ती उतरली. थांबणं म्हणजे सुटणं नव्हे. वेग शून्य झाला त्या क्षणीही तो बदलतोच आहे, शून्यातून उलटा वळतो आहे. चेंडूचंही तेच. खरं सांगायचं तर मलाही ते तेव्हाच कळलं. तोवर मला त्याचे गुण तेवढे मिळाले होते.

मग ती आईकडे वळली. सासूला ती आत्ती म्हणे. "आत्ती, आता तुम्ही."

"चल, खुळी का काय," म्हणत आई बसली. आईचं माहेर तिच्या लग्नाच्या वर्षीच सुपा धरणाच्या पाण्याखाली गेलेलं. लग्नानंतर ती एकाही पंचमीला माहेरी गेली नव्हती. जायला गावच नव्हतं. हे आम्हाला पाठ होतं, तरी तिला झोक्यावर बसवावं हे कुणालाच सुचलं नव्हतं. आम्ही दोघींनी हळूच झोका दिला. आई डोळे मिटून म्हणाली, "असाच व्हता. आमच्या दारात." मला रडू आवरेना.

वहिनी पास झाली. तो प्रश्न परीक्षेत आला होता की नाही, ते तिने कधी सांगितलं नाही. आईने शब्द पाळला. निकालानंतर तिची ट्रंक बेळगावच्या बसवर चढली, तेव्हा साड्या पुस्तकांच्या तळाशी होत्या.

आता ती गणेशगुडीच्या बाजूला एका आरोग्य केंद्रात नर्स आहे. आज मागे वळून पाहते तेव्हा वाटतं, तो पावसाळा वरवर किती थांबलेला होता! मी पिवळी पडून अंथरुणात, वहिनी नापास, आई चुलीपाशी. आमच्या घरात काहीच घडत नव्हतं असं कुणीही म्हणालं असतं. मीही म्हणत होते.

फणसाला झोका अजून दर पंचमीला बांधतात, पण आता तो सुनेसाठी नसतो. वहिनी ड्यूटी संपवून येते, दोर स्वतः ताणून बघते आणि सासूला हाताला धरून फळीवर बसवते. आईचे गुडघे दुखतात म्हणून झोका फार चढवत नाही. टोकाला गेली की आई डोळे मिटते, क्षणभर अगदी स्थिर दिसते. ओढ कुठली असते, ते आम्ही दोघी विचारत नाही.