सूतभर लाकूड
करवत मशीनखाली करपणाऱ्या सागाचा वास आला की आरमोरीचं आमचं अंगण आठवतं. वडिलांमागे धानाची बांधी, घर, भांडी वाटून वाटून आम्ही दोघे भाऊ पार थकलो होतो. उरली होती वडील दुपारी आडवे व्हायचे ती सागाची जाड, रुंद फळी. सुताराने उभी मधोमध रेघ ओढली, मशीन सरळ चालावी म्हणून शिकंज्यांनी पट्टी आवळली आणि थांबला. “पातं सूतभर लाकूड खाते, भाऊ. कोनाच्या हिश्श्यातून खाऊ देऊ?” वाटणी सुरू झाल्यापासून माझ्याशी अबोला धरलेला मोठा भाऊ दमल्या आवाजात म्हणाला, “माह्या हिश्श्यातून खाऊ दे.” आज त्या फळीचा माझ्या ओसरीतला बाक त्याच्या बाकापेक्षा तेवढा सूतभर जास्त रुंद आहे. बसलो की हात आपोआप त्या कडेवर जातो.