मामांच्या होडीचा दिवा

मुलांनो, तुम्ही पाठवलेला फोटो मी भिंगाखाली धरून पाहिला. ॲल्युमिनियमची छोटी होडी, मागे विजेची मोटर, पुढे दिवे, आणि तारा जोडून दमलेले तुम्ही दोघे. ‘आजी, आपल्या घरात कुणी असले उद्योग केले होते का?’ असं गमतीने विचारलंय. केले होते. माझ्या मामांनी, सणसरला, मी कॉलेजात होते तेव्हा. ते पाहिलेली मी एकटीच उरले आहे, म्हणून आजच लिहिते.

मामांच्या हाती लागलेली कोणतीही वस्तू तिच्या मूळ कामाला परत गेली नाही. शिवणयंत्राच्या पायट्यावर मामी ताक घुसळत. गजराचं घड्याळ गोठ्यात टांगलेलं असे. "बैल उठला की मी उठतोच," असं मामांचं म्हणणं. मोडीतली मोटारलॉरी त्यांनी आणली, तेव्हा आता ती चालवतील असं वाटलं. त्यांनी तिच्यावर मिरच्या वाळत घातल्या.

मामी बैलगाडीतून पडल्या होत्या. तेव्हापासून त्यांच्या कमरेला गाडीचा एक हिसकाही सोसत नसे. दोन वर्षं त्या पिंपळीला माहेरी गेल्या नव्हत्या. तशात त्यांच्या आईचा निरोप आला, "डोळं चाललं. आता उजेड जवळ धरला तरच काय ते दिसतंया. येकदा ये." कमरेला हात लावून मामी पुन्हा चुलीकडे वळल्या. मामा उठले आणि लॉरीवरच्या मिरच्या काढू लागले.

सणसरहून पिंपळीपर्यंत कालवा होता आणि पाण्यात धक्के नाहीत, हे त्यांनी ताडलं होतं. पत्रे ठोकून होडी झाली. लॉरीच्या डायनामोला उलटी वीज देऊन त्याची मोटर केली, तिला पाण्यातला पंखा जोडला. बॅटऱ्या मामींच्या पाटाखाली, लॉरीचा मोठा दिवा पुढे. लॉरीचं इंग्रजी पुस्तक मी मराठी करून वाचत असे आणि मामा त्याच्याशी भांडत. "त्या सायबानं कवा कॅनॉल बघितलाय? म्होरलं पान ऱ्हाऊ दे!"

निघालो तेव्हा दिवसाउजेडीही दिवा लावलेला. गाव बघायला आलं होतं ना! तिसऱ्या प्रहरी मोटर कण्हू लागली. लॉरीत इंजिन चालू असलं की बॅटरी भरत राहते. होडीत इंजिनच नव्हतं. ते पुढच्या पानावर होतं.

पिंपळी अजून कोसभर होती. "आणखी थोडं रेटू," मी म्हणाले.

"न्हाय," मामा म्हणाले. "मोटर बंद. दिवा बी बंद. ऱ्हायलेली वीज म्हातारीची हाय."

त्यांनी दोर खांद्यावर घेतला आणि काठाने होडी ओढू लागले. मीही पदर खोचून मागे धरला.

"आवं, बैल तरी जुपायचं हुतं," मामी होडीतून म्हणाल्या.

"त्यानं तुला हिसका दिला असता."

पिंपळीला पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. मामींची आई, म्हणजे पिंपळीच्या आजी, काठावर घोंगडीवर बसलेल्या. मामांनी बटण दाबलं. दिवा लागला, पिवळा, अशक्त, पण लागला. मामींनी तो खुंटीवरून काढून स्वतःच्या तोंडाजवळ धरला. आजी पुढे सरकल्या, पार नाकाला नाक लागेपर्यंत.

"हडाकलीस की गं," त्या म्हणाल्या.

मामा पाठ फिरवून उगाच दोर गुंडाळत बसले. दिवा विझला तरी त्या दोघी तशाच बसल्या होत्या.

पुढच्या सुगीपर्यंत आजींना उजेडही कळेनासा झाला. होडीचा पत्रा कोंबड्यांच्या खुराड्यावर गेला. दिव्याचं पितळी बटण मात्र माझ्या शिवणाच्या डब्यात आहे, आणि दाबलं की अजून टक् असं वाजतं.